भाजणीचं पाकीट आणि पाच हजार रुपये : पहिली ऑनलाइन जाहिरात कशी करावी

इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्यातून पोस्ट टाकली की तिच्याखाली 'बूस्ट पोस्ट' असं बटण दिसतं, म्हणजे पैसे भरून ती पोस्ट जास्त लोकांना दाखवायची. नवा उद्योजक ते दाबतो, दोन हजार रुपये भरतो. लाइक भरपूर येतात, ऑर्डरी येतात दोन, त्याही ओळखीतल्याच. मग 'ऑनलाइन जाहिरातीचा काही उपयोग नाही' असं ठरून जातं. मी पुण्यात छोट्या खाद्यपदार्थांच्या ब्रँडसाठी जाहिराती करतो आणि हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. माल चांगला असतो, मेहनत प्रामाणिक असते. चूक एवढीच झालेली असते, की काय सांगायचं ते ठरायच्या आधी बटण दाबलं गेलं.

म्हणून इथे बटण सगळ्यात शेवटी येईल. आधी वाक्य, मग हिशेब, मग व्हिडिओ. उदाहरण म्हणून थालीपिठाच्या भाजणीचं अर्ध्या किलोचं पाकीट घेऊ आणि जाहिरातीसाठी पाच हजार रुपये आहेत असं धरू. तुमचा माल मसाला असो, लोणचं असो की उटणं, क्रम हाच.

पायरी १ : गिऱ्हाइकाच्या तोंडचं वाक्य शोधा

पहिला दिवस फोन घेऊन बसा, पण कॅमेरा उघडू नका. गेल्या सहा महिन्यांत गिऱ्हाइकांनी पाठवलेले सगळे व्हॉट्सॲप मेसेज वाचा, व्हॉइस नोट ऐका. शेजारी वही ठेवा आणि त्यांनी जे विचारलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. 'छान होती', 'आवडली' हे सोडून द्या. अडचण, शंका, एखादा प्रसंग आला की लिहा.

भाजणी विकणाऱ्या एका काकूंचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्यांनी जाहिरातीसाठी ओळ आधीच ठरवून आणली होती : 'परंपरेची चव, आरोग्याचा ठेवा'. मी त्यांना एक विनंती केली. या ओळीखाली आपलं नाव पुसून दुसऱ्या कुणाच्या मेतकुटाचं, पापडाचं, गुळाचं नाव घालून बघा. ओळ तिथेही तितकीच बसली. जी ओळ कुणालाही बसते ती तुमची नसते.

मग आम्ही दोघांनी त्यांच्या फोनवरच्या व्हॉइस नोट ऐकल्या. विसाव्या-पंचविसाव्या नोटेत एक आई विचारत होती, "काकू, मुलगा हॉस्टेलवर आहे हो. त्याला धड कांदासुद्धा चिरता येत नाही. त्याला जमेल का हे थालीपीठ?" काकूंनी त्यावर दिलेलं उत्तरही तिथेच होतं : "अगं, कांदा नसला तरी चालतं. पीठ, मीठ, पाणी. दुधाची पिशवी कापून तिच्यावर थापायला सांग." आमची जाहिरात त्या एका उत्तरात होती. ओळ ठरली, 'कांदा चिरता येत नसेल तरी चालेल.' ती दुसऱ्या कुणाच्या पाकिटावर बसणार नाही, कारण तिच्यामागे खरी आई, खरा मुलगा आणि खरी अडचण आहे.

आपल्याकडे हे शहाणपण जुनंच आहे. पुण्यातल्या दुकानांवरची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी आठवा. शब्द चार. पण त्यात माल इथेच मिळतो, त्यासाठी इथेच यावं लागेल आणि दुसरीकडे हे नाव दिसलं तर ते आमचं नव्हे, एवढं सगळं येतं. विशेषण एकही नाही. मी नव्या मुलांना लिहायला बसवतो तेव्हा सांगतो, की विशेषणं सगळी काढा आणि मग उरलं काय ते वाचा.

आणखी एक. मराठी लिहिताना गिऱ्हाईक कुठलं आहे ते बघा. पुण्या-मुंबईकडे थालीपीठ म्हणतात, पण सोलापूर-लातूरकडे धपाटी जास्त ओळखीची. दोन्ही पदार्थ तंतोतंत एक नाहीत, पण तिकडच्या माणसाला 'धपाट्यांच्या जवळचं' असं म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर ताट येतं. एकच प्रमाणभाषेतली जाहिरात सगळ्या जिल्ह्यांत फिरवली तर ती चुकीची ठरत नाही, फक्त परकी वाटते.

पायरी २ : एका जाहिरातीत एकच गोष्ट

वहीत आता दहा-बारा ओळी असतील. मोह होईल सगळ्या एकाच व्हिडिओत घालायचा : पौष्टिक, झटपट, जात्यावरची, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, घरपोच, दोन पाकिटांवर सूट. असं करू नका.

फेव्हिकॉलची बसची जाहिरात आठवत असेल. जाहिरातकार पियुष पांडे यांच्या ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेतून आलेली ती फिल्म २००२ साली फ्रान्समधल्या कानच्या जाहिरात महोत्सवात गाजली. राजस्थानातल्या वाळवंटी रस्त्यावरून माणसांनी लगडलेली बस हेलकावे खात जाते, पण एकही माणूस खाली पडत नाही. बसच्या मागे फेव्हिकॉलची पाटी. गोंद किती तासांत वाळतो, डबा किती किलोचा, कुठे मिळतो, काही नाही. चिकटतं, एवढंच. सुतारालाही तेवढंच हवं असतं.

तुमच्या बारा ओळी वाया जात नाहीत. त्या बारा जाहिराती आहेत. आत्ता त्यातल्या तीन निवडा. भाजणीसाठी आम्ही निवडलेल्या तीन अशा : हॉस्टेलवरचा मुलगा, पावसाळी संध्याकाळी 'काहीतरी गरम कर ना' म्हणणारं घर, आणि डब्यात पोळी-भाजीला कंटाळलेली नोकरदार बाई.

पायरी ३ : आधी पाटीवर हिशेब

ही पायरी लोक टाळतात, आणि नुकसान नेमकं इथेच होतं. समजा अर्ध्या किलोचं पाकीट १८० रुपयांना आहे. धान्य, भाजणं, दळणं मिळून ८० रुपये, पाकीट आणि लेबल १० रुपये. उरले ९०. एका पाकिटाचं कुरिअर तुम्ही सोसलंत आणि ते ५० रुपये झालं, तर हातात राहिले ४०. आता ऑनलाइन जाहिरातीतून एक ऑर्डर मिळवायला ६० रुपये लागले, तर प्रत्येक ऑर्डरमागे २० रुपयांचा खड्डा. ऑर्डरी जितक्या जास्त, तोटा तितका मोठा.

आता तीच भाजणी, उपासाची भाजणी आणि मेतकूट असा तीन पाकिटांचा संच करा, किंमत ५४०. तिन्हींचा खर्च सारखाच धरला तर माल आणि पाकिटं २७०, कुरिअर एकत्र ८०. हातात १९०. जाहिरातीचे ६० गेले तरी १३० उरतात. माल तोच, जाहिरात तीच, फक्त विकायची वस्तू बदलली. छोट्या किमतीचा माल सुटा विकायला जाहिरात करू नये, संच करावा, हे माझं ठाम मत आहे.

पाच हजारांतही एक वजावट आहे. जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून दिवसाला ३०० रुपये धरून १४ दिवस जाहिरात चालवा. ४,२०० रुपये जाहिरातीचे, कर धरून ४,९५६. संचामागे १९० रुपये सुटतात, म्हणजे २७ संच गेले की जाहिरातीचे पैसे निघाले. हा २७ आकडा कागदावर मोठा लिहून भिंतीला चिकटवा. पुढचे दोन आठवडे लाइक, व्ह्यू, फॉलोअर यांच्याकडे नव्हे, या आकड्याकडे बघायचं आहे.

पायरी ४ : व्हिडिओ

साधा फोन पुरतो. खिडकीजवळ, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, ट्यूबलाइट बंद करून. फोन उभा धरा, पूर्ण पडदा भरेल असा; मोजमाप १०८० बाय १९२०. अक्षरं पडद्याच्या मधल्या भागात ठेवा, कारण खालच्या साधारण एक तृतीयांश जागेत नाव, मजकूर आणि बटण येतं. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं वाक्य अक्षरांतही दिसलं पाहिजे. देवनागरी अक्षरं जाड ठशाची घ्या. बारीक ठशात वेलांट्या-मात्रा फोनवर दिसत नाहीत.

सगळा जीव पहिल्या तीन सेकंदांत आहे. तिथे लोगो फिरवू नका, 'नमस्कार मंडळी' म्हणू नका. आम्ही हॉस्टेलच्या व्हिडिओची सुरुवात अशी केली : कापलेल्या दुधाच्या पिशवीवर थापलेला गोळा, एक ओलं बोट त्यात भोक पाडतं, दुसरं भोक, तिसरं. लगेच तवा. भोकांत तेल सुटतं आणि चर्र आवाज येतो. मग ती ओळ. बोट मुलाचं होतं, नखाच्या कडेला पेनची शाई लागलेली. ती शाई आम्ही मुद्दाम धुतली नाही. काकूंना आधी ते बरं वाटेना, स्वयंपाकात शाई कशी चालेल म्हणाल्या. शेवटी तेच बोट ठेवायचं, पण पिठाला लागणार नाही अशी बाजू दाखवायची, असं ठरलं.

स्टीलचं ताट घ्या, घरात असतं ते. उसनं लाकडी ताट आणि कोथिंबिरीच्या काड्यांची आरास केली की बघणाऱ्याला ते हॉटेल वाटतं, आणि भाजणी घेणाऱ्याला घर हवं असतं.

किंमत व्हिडिओतच सांगा. 'किमतीसाठी इनबॉक्स करा' हा प्रकार मला अजिबात पटत नाही. किंमत लपवली की मेसेज भरपूर येतात, पण ते 'प्राइस?' एवढेच असतात आणि त्यांना उत्तर देता देता खरं गिऱ्हाईक मागे राहतं. ५४० ऐकून ज्याला परवडणार नाही तो तिथेच थांबला तर तुमचा आणि त्याचा, दोघांचा वेळ वाचला.

पार्श्वसंगीतासाठी गाजलेलं सिनेगीत उचलू नका. ते गाणं कुणाच्या तरी मालकीचं आहे आणि जाहिरातीत वापरायला परवाना लागतो. तव्याचा आवाज फुकट आहे आणि भाजणीसाठी त्याहून चांगलं संगीत मला सापडलेलं नाही.

पायरी ५ : कुठे आणि कधी

मोठ्या ब्रँडची दोन कामं इथे आठवतात. २०१३ साली अलाहाबादच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने मोठमोठे फलक लावण्यापेक्षा जेवणाच्या ठिकाणी मिळणाऱ्या गरम पोळीवरच प्रश्न उमटवला : 'लाइफबॉय से हाथ धोये क्या?' हात धुवायची आठवण जेवणाच्या आधीच्या त्या एका क्षणी झाली तरच उपयोगाची. निरोप साधा होता, जागा अचूक होती. दुसरं २०२१ च्या दिवाळीतलं. कॅडबरी सेलिब्रेशन्सने शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज संगणकाला शिकवला आणि छोट्या दुकानदारांना स्वतःच्या दुकानाचं नाव घेणारी जाहिरात तयार करून घेता येईल अशी सोय केली. बघणाऱ्याला त्याच्याच भागातली दुकानं ऐकू यायची. दुसऱ्या वर्षी कान महोत्सवात या कामाला टायटॅनियम लायन हा पुरस्कार मिळाला. तंत्र महागडं होतं, पण मुळाशी असलेली कल्पना किराणा दुकानदाराला रोज ठाऊक असलेली : माणसाला आपल्या गल्लीचं नाव ऐकलं की तो वळून बघतो.

ही गोष्ट तुम्हालाही जमते. त्यासाठी 'बूस्ट' सोडा आणि संगणकावर मेटाचं (इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी) ॲड्स मॅनेजर हे जाहिराती लावायचं साधन उघडा. तिथे तीन मजले दिसतात. वरचा कॅम्पेन, तिथे उद्देश ठरतो. मधला ॲड सेट, तिथे कुणाला, कुठे, किती रुपयांत हे ठरतं. खालचा ॲड, तिथे व्हिडिओ आणि मजकूर. उद्देशात 'एंगेजमेंट' घेऊन मेसेज व्हॉट्सॲपवर येतील असं निवडा. म्हणजे जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट तुमच्याशी गप्पा उघडतात. वेबसाइट नसलेल्या माणसाला हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

भाग निवडताना अख्खा महाराष्ट्र घेऊ नका. कुरिअर दोन दिवसांत आणि कमी पैशांत जिथे पोचतं ती दोन-तीन शहरं घ्या. हॉस्टेलच्या व्हिडिओसाठी मुलं जिथे शिकतात ते शहर नव्हे, तर आई-वडील जिथे राहतात ती शहरं घ्यावी लागतात, हे आम्हाला थोडं उशिरा सुचलं. पैसे देणारा आणि खाणारा वेगळा असेल तर जाहिरात पैसे देणाऱ्यापर्यंत गेली पाहिजे.

ॲड सेट एकच ठेवा. आवड, वय, व्यवसाय असे बारीक तुकडे पाडले तर दिवसाचे ३०० रुपये सहा वाटांना जातात आणि कुठलीच वाट समजत नाही. मेटाची यंत्रणा शिकून स्थिरावायला एका ॲड सेटमागे आठवड्याला साधारण ५० प्रतिसाद लागतात, असं मेटाच सांगते. त्या एका सेटखाली तिन्ही व्हिडिओ लावा. प्रत्येकाला तयार मेसेज वेगळा द्या : एकात 'हॉस्टेलसाठी संच हवा आहे', दुसऱ्यात 'पावसाळी संच हवा आहे', तिसऱ्यात 'डब्यासाठी संच हवा आहे'. गिऱ्हाईक तोच मेसेज पाठवतं, त्यामुळे कुठल्या व्हिडिओने आणलं ते न विचारता कळतं.

पहिले चार दिवस काहीही हलवू नका. रोज दोनदा आत जाऊन बदल केले की यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागते. पाचव्या दिवशी वहीत मांडा : कुठल्या मेसेजातून गप्पा किती आणि ऑर्डरी किती. गप्पा जास्त पण ऑर्डर नाही असा व्हिडिओ थांबवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बहुतेक वेळा पहिले तीन सेकंद.

दिवाळीची एक सूचना. फराळ, उटणं, भेटवस्तू यांच्या जाहिराती सगळे एकाच वेळी लावतात आणि जाहिरातीची जागा लिलावाने मिळत असल्यामुळे दर चढतात. परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणारं घर तर त्याच्या कितीतरी आधी ठरवतं, कारण पार्सल अमेरिका-युरोपात वेळेवर पोचायचं असतं. त्या गिऱ्हाइकासाठी गणपती उठले की लगेच सुरुवात करा.

पायरी ६ : उत्तर देणं हीसुद्धा जाहिरातच

आमची एक चांगली चाललेली जाहिरात पहिल्या आठवड्यात माझ्याच चुकीने थंड पडली. मेसेज येत होते रात्री नऊ ते अकरा, जेवणं आटोपल्यावर. उत्तरं जात होती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर माणूस विसरलेला. दोष जाहिरातीचा आहे असं समजून मी दोन दिवस व्हिडिओ बदलत बसलो, वेळेकडे बघितलंच नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप घ्या, त्यात आपोआप जाणारा स्वागताचा निरोप लिहून ठेवा. 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' असा नको. असा लिहा : 'नमस्कार. तीन पाकिटांचा संच ५४० रुपये, कुरिअरसकट. पत्ता आणि पिनकोड पाठवलात की उद्या निघेल.' नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवा : किती दिवस टिकते, डाळी कुठल्या, तेलकट होते का. गप्पांना लेबलं लावा, नवीन ग्राहक, पैसे बाकी, ऑर्डर पूर्ण. रात्री साडेअकराला पाच मिनिटं 'पैसे बाकी' उघडून बसलात तरी दोन-तीन ऑर्डरी सुटतात.

कायद्याच्या चार गोष्टी

लेबलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक हवाच. जाहिरातीत 'मधुमेह बरा होतो' असं लिहिलं तर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याचा थेट भंग होतो, मग ते गिऱ्हाइकाने प्रेमाने म्हटलेलं का असेना. एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांत 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'ताजे', 'पारंपरिक' अशा शब्दांनाही अटी आहेत. वापरण्याआधी त्या वाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

फूड ब्लॉगरला पैसे दिलेत, किंवा नुसतं फुकट पाकीट पाठवलंत, तरी पोस्टवर ती जाहिरात असल्याचं ठळक लिहायला सांगा. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात. माझा अनुभव असा, की लाखभर फॉलोअरवाल्यापेक्षा आपल्याच शहरातली, रोज डबा करणारी, चार-पाच हजार फॉलोअर असलेली ताई भाजणी जास्त विकून देते. तिला संहिता लिहून देऊ नका. पाकीट द्या आणि जे बिघडेल तेही दाखव म्हणा.

चौदा दिवसांनंतर

सूर सापडला की तो सोडू नका. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ साली सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी घडवली. तेव्हापासून विषय रोजचे बदलत गेले, मुलगी आणि तिचा खट्याळपणा तोच राहिला. आपल्याकडे उलट होतं. दोन महिन्यांत मालकालाच आपल्या जाहिरातीचा कंटाळा येतो, कारण ती त्याने दोनशे वेळा बघितलेली असते. गिऱ्हाइकाने जेमतेम दोनदा बघितलेली असते.

पुढच्या महिन्यात हॉस्टेलच्या मुलाला परीक्षेच्या रात्री भूक लागू द्या. त्याच्या पुढच्या महिन्यात त्याच्या खोलीतल्या मित्रांनी भाजणीचा डबा संपवू द्या. बोट तेच, पिशवी तीच.

आणि जुनी गिऱ्हाइकं. पहिल्या संचावर जाहिरातीचे पैसे गेले, दुसऱ्या संचावर जात नाहीत. खरा नफा तिथे आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांच्यापर्यंतच पोचते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते यादीला पन्नास निरोप पाठवतात आणि उत्तर का येत नाही म्हणून हिरमुसतात. म्हणून प्रत्येक पाकिटात पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी घाला. एका बाजूला मोठ्या अक्षरांत कृती : दोन वाट्या भाजणी, मीठ, लागेल तसं पाणी, दहा मिनिटं झाकून ठेवा. दुसऱ्या बाजूला तुमचा नंबर आणि खाली एकच ओळ : 'हा नंबर "भाजणी काकू" नावाने सेव्ह करा, नवी भाजणी भाजली की कळवू.' चिठ्ठी जाड कागदाची घ्या. पातळ कागद पिठाने तेलकट होतो आणि अक्षरं वाचता येत नाहीत.